बॅटरी नवीन टाकली तरी ट्रक पहाटे सेल्फ का घेत नाही?

निफाडचा पारा उतरला की पेपरात द्राक्षबागेचा फोटो येतो, आणि त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांचे फोन पहाटेपासून वाजायला लागतात. गाडी कांदा भरून उभी, चार वाजता हैदराबादला निघायचं, चावी फिरवली की नुसतं टक. मागच्या जानेवारीत हे आमच्याच दहा चाकी गाडीचं झालं. ड्रायव्हर काका म्हणाले, "दादा, बॅटरी गेली परत." परत म्हणजे चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा, आणि ट्रकच्या बॅटरीची जोडी म्हणजे वीस-पंचवीस हजारांचा खेळ असतो, एका ट्रिपची कमाई सरळ त्यात जाते.

त्या वेळी बॅटरी गेलेलीच नव्हती. काय झालं होतं ते पुढे सांगतोच, पण आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गाडी सेल्फ घेत नसली की आपण पहिलं बोट बॅटरीकडे दाखवतो, आणि बऱ्याचदा बॅटरी ही मार खाणारी असते, मारणारा दुसराच असतो. तो शोधायला तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर नि अर्धा तास पुरतो. हा लेख छोट्या गाडीमालकांसाठी आणि ड्रायव्हर भावांसाठी आहे, ज्यांना रस्त्यात कुणीतरी "जोडी बदला" म्हणतं आणि हो म्हणण्याशिवाय इलाज नसतो.

आधी पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा

वीज समजायला शेतातली टाकी सगळ्यात सोपी. टाकी किती उंचावर आहे, म्हणजे पाण्याला दाब किती, ते झाले व्होल्ट. पाईपातून धार किती मोठी पडते ते अँपिअर. आणि टाकीत एकूण पाणी किती मावतं ते अँपिअर-अवर, बॅटरीवर एएच असं लिहिलेलं असतं ते. पाईप कुठे चेपला किंवा गाळाने भरला तर दाब असूनही धार पडत नाही, त्या अडथळ्याला रेझिस्टन्स म्हणतात. एवढे चार शब्द धरून ठेवा, बाकी सगळं यातूनच निघतं.

मोठ्या ट्रकला बहुतेक २४ व्होल्टची सिस्टम असते, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या. इथे खूप जणांची एक चूक होते, १३० एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे २६० एएच झाले असं धरतात. तसं नाही. अशा जोडणीत व्होल्ट दुप्पट होतात, पण एएच १३०च राहतात. एका टाकीवर दुसरी टाकी ठेवली, दाब वाढला, पण धार जाते ती दोन्ही टाक्या बरोबरीने उपसत.

सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, किती ओढते? मोठ्या ट्रकचा सेल्फ साधारण ४ किलोवॉटच्या आसपासचा असतो, आणि विहिरीवरची ५ एचपीची मोटर ३.७ किलोवॉटची. म्हणजे चावी फिरवता तेव्हा ते दोन डबे काही सेकंद तुमची विहिरीवरची मोटर चालवत असतात! त्यासाठी दोनशे-तीनशे अँपिअर लागतात, पहिल्या झटक्याला त्याहून कितीतरी जास्त. एवढी मोठी धार असली की पाईपातला बारीकसा गाळसुद्धा नडतो.

डिझेलला एवढा जोर कशाला?

पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही, हवा इतकी दाबायची की ती पाचशे डिग्रीच्या वर तापते आणि त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं तसंच, फक्त कितीतरी पटीने जास्त. पण हे जोरात दाबलं तरच. हळूहळू दाबलं तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते, थोडी हवा रिंगमधून निसटते आणि डिझेल पेटतच नाही. म्हणून इंजिन नुसतं फिरून भागत नाही, वेगाने फिरावं लागतं. पहाटे ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरीची आतली क्रियाही मंदावते, आणि हे दोन्ही एकदम येतं.

पण आपल्याकडची थंडी म्हणजे काही बर्फ नव्हे. पाच-सात डिग्रीला धडधाकट बॅटरीची ताकद पाव हिश्शाच्या आसपास कमी होते, तेवढ्याने गाडी अडत नाही. थंडीत अडली म्हणजे दुखणं आधीचंच होतं, थंडीने ते उघडं केलं. बॅटरीची खरी नासाडी उन्हाळ्यात होते, विदर्भाच्या ४५ डिग्रीत पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि बिल येतं जानेवारीत.

मीटर काढायच्या आधी कान लावा

कॅबिनचा दिवा चालू ठेवून चावी फिरवा, आणि आवाज नि दिवा दोन्हीकडे लक्ष द्या.

पटपट टकटकटक वाजलं आणि दिवा मिणमिणला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच टक, आणि दिवा एकदम बसला, तर बॅटरी, केबल किंवा जाम झालेला सेल्फ. एकच ठणठणीत टक वाजलं पण दिवा होता तसाच लख्ख राहिला तर वीज सेल्फपर्यंत नीट पोचत नाहीये किंवा सेल्फच्या आतले कॉन्टॅक्ट, कार्बन गेलेत, तिथे नवीन बॅटरी टाकून काडीचा फरक पडणार नाही. काहीच आवाज नाही तर आधी मेन स्विच, गिअर न्यूट्रलला आहे का, रिले, फ्यूज. नुसतं घर्रर्र फिरतंय पण इंजिन हलत नाही तर सेल्फची गरारी फ्लायव्हीलला लागत नाहीये.

आणि सेल्फ मस्त जोरात इंजिन फिरवतोय पण गाडी पेटत नाही तर बॅटरीचा विषयच संपला, डिझेलच्या लाइनला हवा पकडली का, फिल्टर चोक आहे का ते बघा. इथे लोक सेल्फ मारत मारत चांगली बॅटरी उतरवतात आणि मग दोन दुखणी होतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं, सेल्फचं वाइंडिंग जळतं नाहीतर.

मीटरचे तीन आकडे

पहिला आकडा आरामातला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी लावायच्या आधी, प्रत्येक बॅटरी वेगवेगळी मोजा. १२.६ च्या पुढे असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. म्हणजे "बारा दाखवतेय, ठीक आहे की" हे चुकीचं आहे, बाराला ती उपाशीच आहे.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर धरायचा. प्रत्येक बॅटरी साधारण ९.६ च्या वर राहिली पाहिजे. भरलेली असून ती आठ-सातवर कोसळली तर त्या बॅटरीचा सेल गेला, तिथे मात्र बॅटरीच बदलायची.

तिसरा चार्जिंगचा. इंजिन चालू, रेस थोडी वर, दोन्ही बॅटऱ्या मिळून साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस दिसायला हवे. हेडलाइट लावूनही २७ च्या खाली येता कामा नये. कमी आलं तर बेल्ट सरकतोय का, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा), त्याचा रेग्युलेटर. साडेएकोणतीसच्या वर गेलं तर जास्त चार्ज होतंय, पाणी उकळतंय, तेही बॅटरीला मारणारंच.

पाण्याच्या बॅटरीला हायड्रोमीटरही, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारी नळी, लावून बघा. ग्रॅव्हिटी किती यावी ते कंपनीप्रमाणे थोडं बदलतं, पण सहा सेलमधला फरक बोलतो, पाच सेल सारखे नि एक एकदम खाली असेल तर तो मेला. वरून टाकायचं ते डिस्टिल वॉटरच. अ‍ॅसिड टाकून "पॉवर वाढते" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. प्लेटा खाऊन टाकतं ते.

"पण बॅटरी तर नवीन आहे, आकडेही बरोबर आहेत"

आता आमच्या गाडीचं सांगतो, कारण नेमकं हेच होतं. त्या पहाटे दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन तिला रवाना केली (२४ ची गाडी २४ वरूनच, १२ च्या गाडीवरून जंप द्यायचा नाही), आणि परत आल्यावर ओळखीच्या वायरमन काकांकडे लावली. आराम १२.६, दोन्ही. सेल्फ मारताना जोडीवर बावीसच्या वर. म्हणजे बॅटरी एकदम तंदुरुस्त, तरी सेल्फ कण्हत होता.

काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवली आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, घासून स्वच्छ केलेल्या जागी, आणि मला म्हणाले मार सेल्फ. मी कॅबिनमधून उतरून बघेपर्यंत त्यांनी बोटाने आकडा दाखवला, १.९.

त्या दोन जागांमध्ये काहीच दिसायला नको असतं, दोन्ही अर्थच, म्हणजे निगेटिव्हचीच बाजू, आहेत ना. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालतं. १.९ म्हणजे जवळपास दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते, सेल्फपर्यंत पोचतच नव्हते. कुठे? इंजिन चासीवर रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फमधून गेलेली सगळी वीज परत बॅटरीकडे येते ती इंजिन आणि चासी जोडणाऱ्या एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून, अर्थ स्ट्रॅप. आमच्या पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्यांवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि बोल्टच्या खाली गंज नि त्यावर कधीतरी मारलेला पेंट. काकांनी लगला, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या जोडाला, हात लावायला सांगितला, चटका बसला. दोनशे-अडीचशे अँपिअर आणि दोन व्होल्ट म्हणजे चार-पाचशे वॉट, अर्ध्या इस्त्रीएवढी उष्णता त्या एका बोल्टखाली. अशी वाट बंद झाली की वीज गिअरच्या लिंकेजमधून, बेअरिंगमधून वाट काढते आणि तिथलंही काम बिघडवते.

पॉलिश पेपरने चासी पांढरी होईपर्यंत घासली, काहीशे रुपयांची नवीन पट्टी, घट्ट बोल्ट, वरून व्हॅसलीन. परत मोजलं तर ०.३. सेल्फ असा फिरला की काका हसले. आणि मला त्याआधीच्या जोडीची आठवण झाली, जी आम्ही भंगारात दिली, ती बहुधा चांगलीच होती. वाईट वाटतं अजून.

कुणी म्हणेल, मग मीटरने केबलचा रेझिस्टन्स मोजला की कळलं असतं. नाही कळत. नळ बंद असताना चेपलेल्या पाईपातही दाब पूर्ण दिसतो, धार सोडली की मगच कळतं. मीटर रेझिस्टन्स मोजताना अगदी किंचित वीज सोडतो, तेवढी एका तारेतूनही आरामात जाते. म्हणून ही तपासणी सेल्फ मारतानाच करायची. तशीच पॉझिटिव्हकडेही, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. ट्रक कारखान्यातून निघाल्यापासून या पट्टीकडे कुणी बघितलेलंच नसतं बहुतेक.

टेपची वायर आणि बैलजोडी

हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय, कारण आपल्या रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत हे केलेलं असतं. टेप, मोबाईल चार्जर, लायटिंग हे १२ व्होल्टचं, आणि गाडी २४ ची. मग सोपा उपाय म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतात. चालतंही मस्त. पण आत काय होतं बघा. ती एक बॅटरी दुसरीपेक्षा रोज जास्त खर्च होते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो, कुणी किती खाल्लं ते त्याला कळत नाही. भरलेली बॅटरी आधी वर चढते, तिच्यावर पंधराच्या पुढे जातात, तिचं पाणी उकळून उडतं. उपाशीच्या वाट्याला तेरासुद्धा नीट येत नाहीत, ती कधी भरतच नाही आणि तिच्या प्लेटांवर पांढरा कडक थर बसतो, सल्फेशन म्हणतात त्याला, तो पुढे निघत नाही. एकाच जुवाखालच्या दोन बैलांपैकी एकाला रोज अर्धी वैरण घातली तर मोसम संपता संपता जोडीच बाद होते, तसं.

ओळखायचं कसं? एका बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, दुसरीचं होत नाही, आणि आरामाच्या आकड्यात दोघींत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक. काही जण बॅटऱ्यांची अदलाबदल करतात, त्याने काही महिने ढकलले जातात, बाकी काही नाही. उपाय म्हणजे २४ चे १२ करून देणारा कन्व्हर्टर, म्युझिक सिस्टीमच्या खर्चात तो फार नाही. आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम, एक जुनी एक नवी अशी जोडी लावली तर जुनी नवीला ओढून नेते.

रात्री उभ्या गाडीत कोण खातंय?

गाडी बंद असताना थोडी वीज जातच असते, ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, घड्याळ, जीपीएस. प्रश्न किती जाते हा आहे.

"जीपीएस लावल्यापासूनच बॅटरी उतरते" हे मी दर आठवड्याला ऐकतो. हिशोब करून बघू. एखादा जीपीएस ५० मिलिअँपिअर खातो असं धरा, म्हणजे दिवसाला १.२ एएच. १३० एएचची बॅटरी अर्धी व्हायला ५० दिवसांच्या वर लागतील. दोन रात्रींत गाडी बसली तर एकट्या जीपीएसचं ते काम नाही, वायर चुकीच्या ठिकाणी जोडली असेल तर वेगळं. फास्टॅग तर बॅटरीतून काहीच घेत नाही, तो टोलवरच्या मशीनच्या लहरींवरच चालतो. उलट विसरलेले पार्किंग दिवे बघा, ५ वॉटचे दहा बल्ब म्हणजे ५० वॉट, दोन अँपिअर, दहा तासांत २० एएच. आणि कुठूनतरी नुसता एक अँपिअर गळत असला तरी दिवाळीत मार्केट बंद, काका गावी, गाडी आठ दिवस उभी, झालं.

शोधायचं असं. आधी अंधारात गाडीभोवती एक चक्कर मारा, ब्रेक लाइटचा स्विच अडकून मागचे दिवे जळत राहिलेले असतात कधी कधी, नंबर प्लेटचा दिवा, टूलबॉक्सचा दिवा. सकाळी इंजिन थंड असताना अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला हात लावा, बाकी सगळं गार आणि तो कोमट लागला तर त्याचे डायोड लीक आहेत, रात्रभर तो उलटा बॅटरी पीत होता. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेला जाऊ देणारा दरवाजा, विहिरीच्या फूटव्हॉल्व्हसारखा. तो गळका झाला की पाणी परत.

मग मीटर. सगळं बंद, चावी काढा, निगेटिव्हची केबल सोडून टर्मिनल नि केबलच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा. लगेच आकडा बघून घाबरू नका, कॉम्प्युटर झोपायला अर्धा तास घेऊ शकतो. नंतर शंभर मिलिअँपिअरच्या आत आलं तर निवांत राहा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा धाडकन पडेल ती लाइन गुन्हेगार. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका किंवा हेडलाइट लावू नका, मीटरचा फ्यूज उडतो. डीसी क्लॅम्पमीटर असेल तर केबल न सोडताच होतं, पण बारीक आकड्यांना तो पुरत नाही.

२०२५ पासून नव्या मध्यम नि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, फार चांगलं झालं. पण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, इंजिन बंद केलं की गार हवा नाही, नुसता ब्लोअर फिरतो आणि पाच-सहा अँपिअर खातो. रात्रभरात चाळीस-पन्नास एएच. यात ड्रायव्हरला दोष देऊ नका, चौदा तास गाडी हाणलेल्या माणसाला झोप हवीच. कमी वीज खाणारा छोटा २४ व्होल्टचा पंखा बसवून द्या, तो रात्रभर चालला तरी सकाळी सेल्फला पुरून उरतं.

"रोज पाचशे किलोमीटर पळते, चार्ज होत नाही का?"

होते, पण भरायलाही वेळ लागतो. अर्धी झालेली बॅटरी सुरुवातीला भराभर भरते, शेवटचा पाव भाग अगदी हळू. लांबच्या ट्रिपला अडचण नाही, पण मार्केट यार्डात दिवसभर दहा मिनिटं पुढे, बंद, परत सेल्फ, असं करणाऱ्या गाडीला ते कधी मिळतच नाही. उभ्या गाडीचं इंजिन आयडलवर ठेवूनही फार भरत नाही, त्या रेसला अल्टरनेटर जेमतेम देतो आणि डिझेल मात्र जळत राहतं. बाहेरच्या चार्जरवर एक रात्र लावलेली बरी.

"धक्का मारला की होते चालू, कशाला एवढं?"

जुन्या गाड्यांचं ठीक होतं, तिथे पंप इंजिनवर फिरायचा, विजेची गरज फारशी नव्हती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत कॉम्प्युटर जागा असल्याशिवाय इंजेक्टर डिझेल सोडतच नाही, आणि बॅटरी पूर्ण मेली तर कॉम्प्युटर जागा कसा होणार? शिवाय टाकीत हवेचं प्रेशर नसेल तर हँडब्रेकच सुटत नाही, भरलेली गाडी ढकलणार कशी? उतारावर लावून भागवणाऱ्यांनी घाटात हे विसरू नये, इंजिन बंद असलं तर हवा भरत नाही नि स्टिअरिंग जड होतं.

"मग कट-ऑफ स्विच फिरवला की झालं ना?"

कट-ऑफ म्हणजे बॅटरीची वीज तोडणारा मेन स्विच. बऱ्यापैकी झालं. रात्रीची गळती त्याने थांबते, अर्थ पट्टी नि टेपची वायर याने सुधारत नाहीत. जीपीएस त्या स्विचच्या मागे असेल तर मालकाच्या मोबाईलवर गाडी ऑफलाइन दिसेल, घाबरून ड्रायव्हरला झोपेतून उठवू नका. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर नुसता कट-ऑफ पुरत नाही, बॅटरी सोडा आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसे ईसीयू नि अल्टरनेटरचे कनेक्शनही. बॅटरी सोडताना पहिली निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, हातातलं कडं नि अंगठी काढून, आणि बिडी लांब, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

बीएस-६ गाडीत एक काळजी जास्तीची. इंजिन बंद केल्यावर युरियाचा (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रावणाचा) पंप लाइनमधला युरिया मागे टाकीत ओढून घेत असतो, त्याला थोडा वेळ लागतो. त्याआधीच कट-ऑफ फिरवला तर युरिया लाइनमध्ये नि नोझलमध्ये वाळून खडे होतात आणि बॅटरी वाचवता वाचवता मोठं काम निघतं. काही गाड्यांत त्यासाठी स्विचजवळ दिवा असतो, तो विझेपर्यंत थांबायचं, दिवा नसेल तर पुस्तकात दिलेली मिनिटं. आमचे ड्रायव्हर काका तेवढ्या वेळात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन दहाही टायर ठोकून बघतात, आणि मागून पुढे आले की मग स्विच फिरवतात.